पैसे देण्यापूर्वीची चौकशी

मुलीसाठी स्थळ सांगून आले की आपल्याकडे चौकशीची एक अख्खी यंत्रणा कामाला लागते. मुलाच्या कार्यालयात ओळखीचे कोण आहे ते शोधले जाते, त्याच्या गल्लीतल्या किराणा दुकानात सहज विचारल्यासारखे विचारले जाते, मामाच्या साडूपर्यंत फोन जातात. हीच मंडळी निवृत्त होऊन भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हाती आली, की ती एका संध्याकाळी, समोरचा चहा निवायच्या आत, महिन्याला दोन-अडीच टक्के देतो म्हणणाऱ्या माणसाच्या हवाली करतात. ही विसंगती आपण लोभाच्या खाती टाकतो आणि मोकळे होतो. मला ते अर्धेच खरे वाटते. स्थळाबद्दल विचारायला जागा असतात, पैसे मागणाऱ्याबद्दल विचारायला जागाच नसते. माझ्या नात्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने मध्यंतरी मला नागपूरच्या मानेवाड्याहून फोन केला. "बाकी काही नको, या माणसावर पूर्वी कुठे केस होऊन शिक्षा झाली आहे का, एवढं तू बघून सांगशील का?" असे त्यांनी विचारले. मी दोन संध्याकाळी संगणकासमोर घालवल्या आणि शेवटी "सांगता येत नाही" एवढेच उत्तर दिले. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर सरकारच्या दप्तरात कुठेतरी नक्की होते.

आर्थिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची सर्वांना पाहता येईल अशी नोंदवही असावी का, या प्रश्नाकडे मी त्या फोनच्या बाजूने पाहतो. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ज्या स्वरूपात ही कल्पना सहसा मांडली जाते, म्हणजे ठगांची चव्हाट्यावर धिंड, त्या स्वरूपात ती मला मान्य नाही, आणि केवळ दोषी ठरलेल्यांपुरती ठेवली तर ती आपल्याकडे फारशी उपयोगाचीही नाही.

नागपूरला या विषयाची ओळख करून देण्याची गरज नाही. २०१३ मध्ये श्रीसूर्या आणि २०१४ मध्ये वासनकर ही दोन गुंतवणूक प्रकरणे पोलिसांत गेली, तेव्हा तक्रार घेऊन आलेल्यांत डॉक्टर होते, अभियंते होते, निवृत्त अधिकारी होते. अडाणी माणसेच फसतात हा सुशिक्षितांचा लाडका समज त्या दोन वर्षांत या शहरात तरी मोडला. हे शहर पगारदारांचे आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय येथे, महालेखाकारांचे कार्यालय येथे, दोन रेल्वे विभागांची कार्यालये येथे, अंबाझरीची आयुध निर्माणी येथे. दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला यांतून कोणी ना कोणी शाल-श्रीफळ घेऊन घरी जातो आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकरकमी मोठ्या पैशांचा मालक होतो. त्याच्यापर्यंत परका माणूस पोहोचू शकत नाही, पोहोचतो तो ओळखीचा. सोबत नोकरी केलेला सहकारी, सकाळी बागेत फिरायला येणारा, उपासना मंडळातला, जातीच्या संस्थेतला. त्या ओळखीच्या माणसाला स्वतःला वर्षभर व्याज वेळेवर मिळालेले असते आणि ते नव्या ठेवींतून दिले जात आहे हे त्यालाही ठाऊक नसते, म्हणून तो अगदी मनापासून शिफारस करतो. एजंट खोटे बोलत नाही, ही अशा योजनांची खरी ताकद आहे.

जमिनीच्या बाबतीत पद्धत वेगळी आणि परिणाम तोच. विमानतळालगतच्या मिहान या उद्योग-प्रकल्पाची चर्चा सुरू झाल्यापासून वर्धा रोड, बेसा, हिंगणा, उमरेड रोड या दिशांना शेते पाहता पाहता लेआउट झाली. कागदावर आखलेल्या प्लॉटचे इसारपत्र करायचे, हप्ते घ्यायचे, अकृषक परवानगी 'प्रोसेसमध्ये आहे' असे चार वर्षे सांगायचे, आणि तोवर तोच प्लॉट आणखी एखाद-दोघांना दाखवायचा. गुन्हा दाखल झाला, क्वचित शिक्षाही झाली, तरी नव्या नावाची फर्म भावजयीच्या किंवा पुतण्याच्या नावावर दुसऱ्या दिशेच्या रस्त्याला उभी राहते. तिथे आलेल्या ग्राहकाला मागचे काही माहीत असण्याचे कारण नसते. तो पाहतो ते फक्त कार्यालयातले वातानुकूलन आणि भिंतीवरचा रंगीत नकाशा.

अमेरिकेतल्या युटा राज्याने या दुखण्यावर नोंदवहीचा उपाय केला, आणि तो तिथेच का झाला हे पाहण्यासारखे आहे. त्या राज्यात एकाच धर्मपंथाची माणसे फार मोठ्या संख्येने आहेत आणि प्रार्थनास्थळातल्या ओळखीवर बेतलेल्या फसवणुकीसाठी ते राज्य कुप्रसिद्ध होते. आपलेपणाचे भांडवल करून केलेली ही फसवणूक नागपूरकराला परकी वाटणार नाही. तिथे २०१५ मध्ये कायदा झाला आणि २०१६ च्या सुरुवातीला राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने नोंदवही सर्वांसाठी खुली केली. रोखे व्यवहारांतील फसवणूक, विश्वस्ताने केलेला अपहार, विमा आणि गहाणकर्जातली फसवणूक, काळा पैसा पांढरा करणे अशा ठरावीक गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याचे नाव, छायाचित्र, उंची, डोळ्यांचा रंग, गुन्ह्याचा प्रकार हे सगळे तिथे दिसते. पहिल्या दोषसिद्धीला दहा वर्षे, दुसऱ्या वेळी आणखी दहा, तिसऱ्या वेळी आजन्म. सगळ्यांत महत्त्वाची अट अशी की, ज्याने न्यायालयाने ठरवलेली भरपाई पूर्ण चुकती केली आणि न्यायालयाचे आदेश पाळले, त्याचे नाव यादीत राहत नाही. यातला डोळ्यांचा रंग मला हास्यास्पद वाटतो, भरपाईची अट मात्र विचार करायला लावते. तिच्याकडे पुढे येतो.

आपल्याकडे याद्यांचा तुटवडा आहे असे मुळीच नाही. भांडवल बाजारातून मनाई केलेल्यांची यादी त्या बाजाराची नियामक संस्था सेबी प्रसिद्ध करते. पंचवीस लाख रुपये आणि त्यावरच्या हेतुपुरस्सर थकबाकीदारांवर बँकांनी दावे दाखल केले की ती नावे पतमाहिती कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दिसतात. बेकायदा ठेवींची माहिती आणि तक्रार यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ मध्ये 'सचेत' हे पोर्टल सुरू केले. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१७ मध्ये तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले. शंभर कोटींहून मोठ्या प्रकरणांत देशाबाहेर पळालेल्यांसाठी २०१८ चा कायदा आहे आणि त्याखाली विजय मल्ल्या यांना ५ जानेवारी २०१९ रोजी पहिले फरार आर्थिक गुन्हेगार घोषित केले गेले. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ९ मध्ये तर ठेवी घेणाऱ्यांच्या माहितीसाठ्याचीच तरतूद आहे.

तरीही मानेवाड्याच्या त्या बाईंना यांतल्या एकाही यादीचा उपयोग नव्हता. प्रत्येक यादी तिच्या नियामकाच्या सोयीची आहे. बाईंच्या दारी आलेला माणूस शेअर बाजारात नसतो, त्याने बँकेचे कर्ज घेतलेले नसते, तो कोणत्या कंपनीचा संचालक नसतो आणि शंभर कोटींचा आकडा त्याने स्वप्नातही पाहिलेला नसतो. त्याने दोनशे जणांकडून प्रत्येकी तीन-चार लाख मुद्रांकावर 'हातउसने' लिहून घेतलेले असतात. तो सापडू शकतो अशी जागा एकच, एखाद्या न्यायालयाचा निकाल. हे निकाल गुप्त नाहीत, ई-कोर्टच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. मात्र त्यासाठी आधी जिल्हा निवडावा लागतो, मग न्यायालयाचे संकुल, मग वर्ष, आणि मग रोमन लिपीत नाव, तेही तिथल्या लिपिकाने ज्या स्पेलिंगने टंकले असेल त्याच स्पेलिंगने. नागपुरात शोधले तर अमरावतीचा खटला दिसत नाही, आणि खटला अमरावतीला झाला होता हे ज्याला ठाऊक आहे त्याला शोधण्याची गरजच नसते.

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की संवेदनशील गुन्हे वगळता प्रत्येक प्रथम खबर अहवाल चोवीस तासांच्या आत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकला जावा. आदेशामागचा हेतू आरोपीच्या हिताचा होता, त्याला आपल्यावर काय आरोप आहे हे वेळेत कळावे म्हणून. परिणाम असा झाला की आज आरोप एका दिवसात जगजाहीर होतो आणि निकाल पंधरा वर्षांनी लागून कपाटात जातो. जो निर्दोष सुटला त्याचे नाव जुन्या बातमीत आरोपी म्हणूनच राहते, जो दोषी ठरला त्याचे दोषीपण कोणाला सापडत नाही. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे निर्दोष सुटलेल्या एका माणसाला यासाठीच यावे लागले होते, कारण शोधयंत्रावर नाव टाकले की त्याच्यावर कधीकाळी चाललेला खटलाच पहिला दिसत असे. दोषी आणि निर्दोष यांच्यातला फरक ज्या समाजाला कोणत्याही एका ठिकाणी पाहता येत नाही, तो समाज दोघांनाही सारखेच वागवू लागतो. नोंदवहीच्या बाजूने मला सर्वांत सबळ वाटणारा युक्तिवाद हा आहे, आणि तो आरोपीच्याही बाजूचा आहे.

आता अडचण. तिला नागपूरइतके बोलके उदाहरण क्वचितच दुसरे सापडेल. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे पैसे २००१-०२ मध्ये होम ट्रेडसह काही दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोख्यांत गुंतवल्याचे दाखवले गेले. रोखे बँकेला मिळाले नाहीत आणि दीडशे कोटींच्या घरातली रक्कम गेली. गुन्हा २००२ मध्येच नोंदला गेला. नागपूरच्या न्यायालयाने बँकेचे तत्कालीन अध्यक्ष, पुढे राज्याचे मंत्री झालेले सुनील केदार आणि इतर पाच जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती २२ डिसेंबर २०२३ रोजी. केदार यांची आमदारकी गेली आणि त्यांनी निकालाविरुद्ध अपील केले. मधल्या एकवीस वर्षांत या बँकेची पत गेली होती. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँका पुढे कितीतरी वर्षे परवान्यासाठी सरकारी मदतीकडे डोळे लावून होत्या, आणि पीककर्जासाठी त्यांच्याच दारी जाणाऱ्या शेतकऱ्याला त्या काळात दुसरे दार शोधावे लागले. दोषी ठरलेल्यांची नोंदवही २००३ मध्ये अस्तित्वात असती, तरी या प्रकरणाचे पान तिच्यात वीस वर्षे कोरेच राहिले असते. शिवाय ज्यांचे नाव त्या पानावर आले असते त्यांना शहरात न ओळखणारे कोणी नव्हते. म्हणजे नोंदवही उशिरा येते, आणि जिथे वेळेवर येते तिथे ती सर्वांना माहीत असलेलेच सांगते.

नाव ठाऊक असणे पुरेसे नसते, हेही मान्य केले पाहिजे. २००१ च्या शेअर घोटाळ्यानंतर केतन पारेख यांना सेबीने चौदा वर्षे बाजारबंदी केली. देशातल्या प्रत्येक दलालाला ते नाव पाठ होते. तरीही जानेवारी २०२५ मध्ये सेबीला त्यांच्याविरुद्ध पुन्हा अंतरिम आदेश काढावा लागला, आणि दुसऱ्यांच्या नावांआडून व्यवहार केल्याचा आरोप त्यात आहे. त्या आरोपाचा निवाडा व्हायचा तेव्हा होईल, पण यादीत ज्याचे नाव आहे त्याने सही करायची नसते, एवढे तर बर्डीवरच्या एखाद्या लेआउटवाल्यालाही कळते.

दुसरी गळती अधिक मोठी आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. फसवणुकीचा गुन्हा, म्हणजे जुने कलम ४२० आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८, न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटवता येतो, आणि मिटवला की कायद्याच्या दृष्टीने आरोपी निर्दोष सुटतो. फसलेल्या माणसाच्या दृष्टीने ही तरतूद चांगलीच आहे, त्याला शिक्षेपेक्षा पैसे हवे असतात. मात्र सराईत माणूस तिचा उपयोग असा करतो की, जो वकील लावून चिवटपणे तारखांना येतो त्याचेच पैसे परत करायचे, तेही दुसऱ्या कोणाकडून नव्याने घेतलेल्या पैशांतून. बाकीचे थकून घरी बसतात. अशी पाच प्रकरणे पचवलेला माणूस दोषसिद्धांच्या कोणत्याही नोंदवहीत कधीच येणार नाही.

म्हणून मला असे वाटते की नोंदवहीत माणसांची नव्हे, आदेशांची नोंद व्हावी. शब्दांचा हा फरक वरवरचा नाही. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा १९९९ चा कायदा आहे, ज्याला सगळे 'एमपीआयडी' म्हणतात. त्याच्या कलम ३ खाली ठेवी बुडवण्याच्या फसव्या कसुरीला सहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तिला आरोपपत्र, पुरावा, उलटतपासणी, अपील असा लांबचा रस्ता आहे. कलम ४ खाली मात्र, संस्था ठेवी परत करण्याची शक्यता नाही असे सरकारला सकारण वाटले, तर ते संस्थेची मालमत्ता जप्त करण्याचा आदेश काढू शकते, आणि तो आदेश राजपत्रात प्रसिद्ध होतो. पुढे तो विशेष न्यायालयापुढे जातो, कायम होतो किंवा रद्द होतो. म्हणजे शिक्षेच्या कितीतरी आधी शासनाने स्वतः, सही-शिक्क्यानिशी, एक सार्वजनिक कृती केलेली असते. राजपत्र वाचतो कोण, हा प्रश्न आहे. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध, सहकारी संस्थांच्या संचालकांवर सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली निश्चित झालेली नुकसानीची जबाबदारी, महारेराने, म्हणजे राज्याच्या घरबांधणी प्रकल्पांच्या नियामकाने, रद्द केलेली प्रकल्पनोंदणी आणि काढलेली वसुली वॉरंटे, सेबीची मनाई, आणि अखेरीस न्यायालयाची दोषसिद्धी, हे सगळे सार्वजनिक आदेशच आहेत. ते एका ठिकाणी आणावेत, एका नावाखाली दिसावेत, प्रत्येकापुढे त्याची आजची स्थिती लिहिलेली असावी: अंतरिम, कायम, अपिलात, रद्द. 'अमुक माणूस ठग आहे' असे नोंदवही म्हणत नाही. 'अमुक तारखेला अमुक अधिकाऱ्याने याच्याबाबत हा आदेश दिला आणि तो आजही लागू आहे' एवढेच ती सांगते. माझ्या नात्यातल्या बाईंना एवढेच हवे होते.

नुसती पोलीस तक्रार मात्र या नोंदवहीत कदापि येऊ नये. व्यवसायातल्या भागीदाराला नमवण्यासाठी, भाडेकरूला हुसकण्यासाठी, वाटणीचे भांडण फौजदारीत ओढण्यासाठी ४२० चा गुन्हा नोंदवणे ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे. तिला आणखी एक हत्यार मिळता कामा नये.

आणखी एक कुंपण याहून पक्के हवे, आणि विदर्भात बसून लिहिणाऱ्याने तरी ते विसरू नये. थकबाकीदार आणि ठग या दोन वेगळ्या जाती आहेत. कर्ज घेतले, पाऊस आला नाही, कापसाला भाव आला नाही आणि हप्ता चुकला, यात फसवणूक कोठेही नाही. तरीही थकबाकीदारांच्या नावांचे फलक लावणे, वर्तमानपत्रात छायाचित्रे छापणे, वसुलीची गाडी गावात मुद्दाम दिवसाढवळ्या फिरवणे हे प्रकार आपण पाहिले आहेत, आणि त्या लाजेचे ओझे येथल्या घरांनी काय किमतीला वाहिले हे सांगायला नको. धनादेश न वटल्याच्या खटल्यांचेही तसेच. कलम १३८ खाली शिक्षा झालेला छोटा दुकानदार बहुधा धंद्यात बुडालेला असतो, लोकांना बुडवणारा नसतो. ही दोन दारे उघडी ठेवली तर नोंदवही आठवड्याभरात गरिबांच्या नावांनी भरेल आणि ज्यांच्यासाठी ती काढली ते त्या गर्दीत दिसेनासे होतील. म्हणून ठेवी, गुंतवणूक, घर-प्लॉट यांपोटी जनतेकडून पैसे घेण्याशी निगडित आदेशच तिच्यात यावेत, आणि हे कायद्याच्या मजकुरात लिहिलेले असावे, अधिकाऱ्याच्या मर्जीवर नको.

लाजेचा मुद्दा ठगालाही लागू होतो, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे बदनामी एकट्याची होत नाही. बापाचे नाव यादीत आले की मुलीचे लग्न अडते, भावाच्या दुकानातली गिऱ्हाईके कमी होतात. हे खरे आहे आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. चीनमध्ये न्यायालयाचा हुकूमनामा न पाळणाऱ्यांची यादी २०१३ पासून आहे आणि तिच्यातल्या माणसाला विमानाचे किंवा वेगवान रेल्वेचे तिकीट मिळत नाही. तसले काही मला नको आहे. प्रवास, भाड्याचे घर, मजुरी किंवा लेखनिकाची नोकरी, मुलांची शाळा यांच्याशी या नोंदवहीचा संबंध असू नये, आणि त्यासाठी तिचा वापर करणाऱ्याला दंड असावा. दोषी माणसाने पुन्हा जगावे, कमवावे, हेच सर्वांच्या हिताचे आहे, कारण कमावल्याशिवाय तो कोणाचे पैसे परत करणार? त्याने फक्त लोकांकडून ठेवी गोळा करू नयेत. केंद्राने लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय माहितीसाठा सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू केला तो केवळ तपास यंत्रणांसाठी ठेवला, जनतेसाठी खुला केला नाही, आणि तो निर्णय योग्यच होता. तिथे लोकांच्या हाती नावे दिली तर जमाव गोळा होण्याची भीती असते. आर्थिक गुन्ह्याची गोष्ट निराळी आहे. त्याचे हत्यारच मुळी समोरच्याचे अज्ञान असते, आणि माहिती मिळालेल्या माणसाने काय करायचे असते, तर पैसे द्यायचे नाहीत, इतकेच.

छायाचित्राबद्दल माझे मत दोनदा बदलले. आरंभी मला ते निव्वळ धिंडीचे साधन वाटत होते. मग नामसाधर्म्याचा विचार आला. नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही तिन्ही जुळणारी माणसे या एका शहरात किती निघतील याची कल्पना कोणत्याही शाळेचे हजेरीपुस्तक पाहिले तरी येते. पॅन किंवा आधार क्रमांक जाहीर करता येत नाही. अशा वेळी छायाचित्र नसेल, तर यादीतल्या माणसाच्या नावाचा दुसरा, पूर्णपणे सज्जन माणूस प्रत्येक व्यवहारात स्पष्टीकरण देत फिरेल. म्हणून दोषसिद्धी झालेल्यांपुरते छायाचित्र असावे, केवळ जप्तीच्या टप्प्यावर असलेल्यांचे नसावे, अशा मध्यावर मी सध्या थांबलो आहे.

आता भरपाईची अट. युटाची ही कल्पना मला आवडते, कारण ती शिक्षेची दिशा ठेवीदाराकडे वळवते. आपल्याकडचा ठेवीदार निकालाच्या दिवशी न्यायालयाबाहेर पेढे वाटत नाही, तो विचारतो की पैसे कधी मिळणार. बँकेतल्या ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचे विमा संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या किंवा खासगी योजनेतल्या ठेवींना तेही नाही. त्यामुळे परतफेड केल्यास नाव निघते हे आमिष कामाचे आहे. पण यात एक पाचर आहे. ज्याच्याकडे लपवलेले पैसे आहेत तो भरून मोकळा होईल, ज्याचे खरोखर संपले तो यादीत राहील, म्हणजे जास्त हुशार ठगाला आधी सुटका. माझ्या मते पूर्ण परतफेडीने नोंदीची मुदत निम्मी व्हावी, नोंद पुसली जाऊ नये, आणि पुढे 'सर्व रक्कम परत केली' हे वाक्य त्याच नोंदीत ठळकपणे यावे. ते वाक्यही माहितीच आहे, आणि काही माणसांच्या बाबतीत ते पुन्हा उभे राहायला उपयोगी पडेल. दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला ही सवलत नसावी. निर्दोष सुटलेल्याची किंवा आदेश रद्द झालेल्याची नोंद मात्र त्याने अर्ज करण्याची वाट न पाहता ठरावीक दिवसांत निघाली पाहिजे, आणि न निघाल्यास संबंधित अधिकाऱ्याच्या पगारातून दंड कापला जावा. आपल्या दप्तरांचा अनुभव पाहता हे कलम सर्वांत जास्त लागेल, अशी मला शंका आहे.

नव्या कायद्याशिवाय, केवळ शासन निर्णय काढून हे करता येईल का? करू नये. माणसाची प्रतिष्ठा आणि खासगीपणा यांना हात लागतो तिथे कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणबद्धता या कसोट्या खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने घालून दिल्या आहेत. शिवाय संविधानाच्या अनुच्छेद २० मुळे गुन्ह्याच्या वेळी नसलेली शिक्षा मागाहून लादता येत नाही. युटाने २००५ च्या अखेरीपासूनच्या जुन्या दोषसिद्धीही यादीत घेतल्या, आपल्याकडे ते न्यायालयात टिकण्याविषयी गंभीर वाद होईल. छायाचित्र, नवी पात्रताबंदी असे जे भाग शिक्षेसारखे आहेत ते कायदा झाल्यानंतरच्या गुन्ह्यांनाच लागू करावेत. जुने आदेश मात्र मुळातच सार्वजनिक आहेत, ते एकत्र लावण्यात नवी शिक्षा कसली? राज्याला असा कायदा करता येतो का, ही शंका तर २०११ मध्येच मिटली, जेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आधी तमिळनाडूचा आणि पाठोपाठ महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा वैध ठरवला.

वापराची बाजू सोपी वाटते, पण सगळे तिथेच फसते. नोंदवही इंग्रजीत निघाली, रोमन स्पेलिंगवर चालली आणि मोबाइलवर उघडेना झाली, तर तिचा जन्म फुकट. देवनागरीत नाव टाकून शोधता आले पाहिजे आणि ऱ्हस्व-दीर्घाने फरक पडता कामा नये. आपले सरकार सेवा केंद्रात वीस-पंचवीस रुपयांत शोधाचा छापील दाखला मिळावा, ज्यावर दिनांक असेल आणि 'या नावाने आदेश आढळला नाही म्हणजे गुंतवणूक सुरक्षित आहे असे नव्हे' हे वाक्य मोठ्या अक्षरात असेल. हे वाक्य नसेल तर उद्याचा ठग तोच दाखला चौकटीत बसवून आपल्या कार्यालयात लावेल, यात शंका नाही. दुय्यम निबंधकाकडे प्लॉटची खरेदी नोंदवताना, पतसंस्थेच्या निवडणुकीचा अर्ज छाननीला आला असताना, महारेरात एजंटाची नोंदणी होताना हा शोध अधिकाऱ्याने स्वतः घ्यावा. नावाआडून व्यवहार करणाऱ्याला यादी पकडू शकत नाही हे वर आलेच आहे, पण जप्तीच्या आदेशातला पत्ता, दूरध्वनी आणि बँक खाते नव्या फर्मच्या कागदांशी जुळते का, हे यंत्राला पाहता येते. भावजयीचे नाव नवे असले तरी मोबाइल क्रमांक बहुधा जुनाच असतो.

दर डिसेंबरात विधिमंडळ नागपुरात येते आणि मोर्चे टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवले जातात. बुडालेल्या ठेवींचे फलक घेऊन आलेली, टोपी-मफलर घातलेली साठी-सत्तरीतली माणसे त्या गर्दीत मी एकाहून अधिक वर्षी पाहिली आहेत. त्यांची मागणी पैसे परत मिळण्याची असते आणि शिष्टमंडळाला आत नेऊन तिचे निवेदन स्वीकारले जाते. १९९९ च्या कायद्यात कलम ४ च्या पाठोपाठ आदेशांच्या नोंदवहीचे एक कलम घालणारे दुरुस्ती विधेयक दोन पानांचे होईल. त्यांच्या निवेदनात यंदा ही दुसरी मागणी लिहून द्यायला मी तयार आहे, आणि मानेवाड्याच्या बाईंनी त्या कागदावर सही करायचे कबूल केले आहे. त्यांनी तो माणूस पुन्हा घरी आला तेव्हा पैसे दिले नाहीत. माझ्या शोधामुळे नव्हे, तर त्याने चहाला नकार देऊन आधी चेकबुक मागितले म्हणून.